गौरविकेत काय लिहू?

खाणीकडचा:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. नाव सांगत नाही. पुढच्या महिन्यात आमच्या शाळेतल्या एका सरांची पंचाहत्तरी आहे. शाल, श्रीफळ, पेढेतुला (सरांना शुगर आहे, तरी पेढेतुलाच ठरली) आणि गौरविका. गौरविकेतला पहिला लेख मी लिहायचा असं समितीनं परस्पर ठरवून टाकलंय. कारण काय, तर मी पुण्यात राहतो आणि ‘तुले लिहिता येते’. विषयही तेच देऊन मोकळे झाले: ‘व्यसनमुक्तीचा दीपस्तंभ’.

बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, २०२१ मध्ये ती उठली. बंदीसाठी गावात प्रभातफेऱ्या निघाल्या त्या सरांच्याच पुढाकारानं. बंदी आल्यावर दक्षता समिती झाली, तिचे अध्यक्षही सरच. माणूस कडक. शाळेत उशिरा येणाऱ्याला गेटवरच उठाबशा.

आता दुसरी बाजू. दर शनिवारी संध्याकाळी सरांचा सालदार (शेतावर सालानं ठेवलेला गडी) मोटारसायकलवर वर्धा नदीच्या पलीकडे जायचा. पूल ओलांडला की यवतमाळ जिल्हा, तिथे दुकानं उघडी. परत येताना हँडलला कापडी पिशवी, कुणाच्या तरी लग्नातली, वर ‘शुभविवाह’ छापलेलं. पिशवीत वर सांभाराच्या जुड्या (पुणेकरांनो, सांभार म्हणजे कोथिंबीर), खाली पेपरात गुंडाळलेली बाटली. सर स्टीलच्या पेल्यात घ्यायचे, काचेच्या ग्लासात रंग दिसतो. सोडा घरात आणायचा नाही, झाकण उघडलं की फुस्स होतं आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक. एवढ्या सांभाराचं करायचं काय म्हणून काकू दर रविवारी सांभारवड्या करायच्या आणि आळीत वाटायच्या.

२०१८ च्या पावसाळ्यात पुलाजवळच्या नाकाबंदीत सालदार पिशवीसकट सापडला. बाटली कुणाची हे त्यानं सांगितलं नाही, आणि त्याला कुणी विचारलंही नाही. सरांनी आठवडाभरात दुसरा सालदार ठेवला आणि पुढच्याच सभेत भाषण केलं, ‘अशा लोकांमुळे बंदी बदनाम होते’. टाळ्या पडल्या.

बंदी उठून आता कितीतरी दिवस झाले. गावात बार आहेत, एकाच्या उद्घाटनाला सरांना बोलावलं होतं असंही ऐकलं. सालदाराच्या कोर्टातल्या तारखा मात्र अजून चालू आहेत.

तर प्रश्न असा की, गौरविकेत काय लिहू?

अर्धाकप:
माणूस आपल्या घरात, आपल्या पैशानं, कुणाला त्रास न देता घेत होता. तुमच्या पोटात का दुखतंय? दोन पानं गोड लिहा, शाल घ्या, पेढा खा, पुण्याला या.

मीनल_न:
शुगरवाल्याची पेढेतुला. मी इथेच मेले.

झाडीपट्टीवाला:
खाणीकडचे भाऊ, तुमच्याकडं सहा वर्षं होती तं एवढं झालं. आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. आम्हाले विचारा.

लहानपणचं सांगतो. दिवाळीनंतर आमच्याकडं मंडई (म्हणजे जत्राच) भरते, रात्रभर नाटक चालते. एका साली नाटक होतं दारूवरच. नवरा पिऊन बायकोले मारते, पोरगं मरते, शेवटी नवरा रडते. बाया हुंदके देत होत्या. पहिल्या रांगेत खुर्च्यांवर गावचे मोठे लोक, तेही डोळे पुसत होते. आणि दर अंकानंतर ती पहिली रांग उठून तंबूच्या मागं जायची, तिथं एका डेऱ्यात मोहाची होती. तिसऱ्या अंकापासून तं ते नवऱ्यापेक्षा जास्त रडू लागले.

पण एक सांगतो, हसण्यावारी नेऊ नका. बंदी आली ते बायांनी आणली. आमच्या गावात बाया काठ्या घेऊन जंगलात जायच्या, मोह्याचा सडवा (दारूसाठी सडवलेला मोह) हुडकून माठ फोडायच्या. माझी आजी त्यात होती. तिचा नवरा, म्हणजे माझा आजा, त्याच माठातलं प्यायचा. ती ढोंगी नव्हती. त्यामुळं ‘दारूबंदी म्हणजे ढोंग’ असं सरसकट कोणी म्हणत असन तं मी उठून जाईन.

खाणीकडचा:
झाडीपट्टीवाले, नाही म्हणत. आमच्याकडेही बंदीची मागणी सरांनी केलेली नव्हती. २०१० साली चिमूरहून बायका पायी चालत नागपूरला अधिवेशनावर गेल्या, तेव्हा सर गावातच होते. फेरी त्यांनी काढली ती बंदी येणार हे नक्की झाल्यावर.

निवृत्त_कारकून:
चर्चा एका सरांवर का अडली आहे? आपलं अख्खं राज्यच सर आहे.

१९४९ चा दारूबंदी कायदा अजून जागेवर आहे. त्याच्या हिशेबानं महाराष्ट्रात कुठेही, म्हणजे मुंबईच्या पंचतारांकित हॉटेलातसुद्धा, प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना देशीला २ रुपये, विदेशीला ५ रुपये. तुमच्यापैकी किती जणांनी आयुष्यात तो फाडलाय? तरी दुकानदाराच्या वहीत परवाने रोज फाटतात, कुणाच्या नावानं फाटतात ते तोच जाणे. म्हणजे कायदा म्हणतो पिऊ नका, तिजोरी म्हणते प्या, आणि दोघांची सही एकाच साहेबाची. चौतीस वर्षं सरकारी टेबलावर काढली, म्हणून बोलतोय.

मीनल_न:
@कारकूनकाका, तुमचा फाटला का कधी?

निवृत्त_कारकून:
आमच्या नावानं बरेच फाटले असतील. आम्हाला कळवलं नाही.

पेठकर:
उगाच विदर्भाला नावं ठेवू नका, या खेळात पुणं फार जुनं आहे. १८९० सालची गोष्ट. पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, व्याख्यान झालं आणि नंतर चहा-बिस्किटं फिरली. टिळक, रानडे अशी बडी मंडळी हजर होती. गोपाळराव जोशी म्हणून एक वल्ली (डॉ. आनंदीबाईंचे यजमान), त्यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. झालं! ख्रिस्त्यांच्या हातचा चहा! कुणी म्हणे मी घेतला, कुणी म्हणे कप नुसता हातात धरला, तोंडाला लावला नाही. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य (वाळीत टाकण्याचा वाद) झालं, पंगती फुटल्या. शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकच त्यांच्यावर चिडले.

माझ्या मते पाप चहाचं नव्हतंच, नाव छापून येण्याचं होतं. तुमच्या सरांचं नाव छापून आलं नाही, म्हणून त्यांची गौरविका निघतेय. हिशेब सरळ आहे.

अर्धाकप:
पेठकरांनी धागा पेठेत नेला. आता दोनशे प्रतिसाद नक्की.

कोकणकडा:
पेठकर, मग आमचं मुरूडही घ्या. दापोलीजवळचं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं आणि बायकोला घेऊन गावी गेले. गावानं सभा भरवून बहिष्काराचे ठराव केले, आईच्या घरी राहायचीसुद्धा पंचाईत. १९५८ मध्ये त्याच कर्व्यांना भारतरत्न मिळालं. आता मुरूडला गेलात की किनाऱ्यावरचा कुणीही अभिमानानं सांगतो, आमच्या गावचे. माझे पणजोबा त्या पंचक्रोशीतले. त्या वेळी ते कुठल्या बाजूला होते हे घरात विचारलं की सगळ्यांना एकदम कामं आठवतात.

अवांतर झालं, पण गावातली बडी धेंडं कशी चालतात ते यातून कळतं.

उभीआडवी:
अवांतर नाही. मी अनुभव सांगते, मग ठरवा.

आमच्या गावात (पश्चिम महाराष्ट्र, एवढंच सांगते) देशीचं दुकान बंद करायला आडव्या बाटलीचं मतदान झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आधी पंचवीस टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात, मग मतदान होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. मेख अशी की झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं मिळून चालत नाही, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त मतं आडवी पडावी लागतात. म्हणजे जी बाई घरी बसली, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीत.

सह्यांच्या वेळी मी कॉलनीत घरोघर फिरले. डॉक्टरीणबाई, सोसायटीच्या चेअरमनच्या बाई, शिक्षिका, सगळ्यांनी सह्या केल्या, वर चहा पाजला. एकीनं तर ‘तुमच्यासारख्या बायका हव्यात हो’ म्हणून पाठ थोपटली. मतदानाच्या दिवशी सकाळी सातपासून वस्तीतल्या बायका रांगेत. रोज बुडवून आलेल्या. एक जण ओली बाळंतीण, पोर कडेवर. दुपारी तीनला मी स्कुटीवर कॉलनीत गेले. चेअरमनबाईंनी जाळीच्या दारातूनच सांगितलं, ‘अगं, रांगेत कसल्या कसल्या बायका आहेत. आणि यांना बरं दिसत नाही.’

त्यांचं दार अजून डोळ्यांसमोर आहे. जाळीला आतून क्रोशाचा पडदा होता, त्यावर बदकं. बाई बोलताना एक बदक बोटानं सरळ करत होत्या.

एकोणचाळीस मतांनी पडलो. त्याच आठवड्यात हळदीकुंकवाला त्यांनी मला विचारलं, दुकान बंद झालं नाही का गं, अरेरे.

झाडीपट्टीवाला:
ताई, काय बोलावं. तो पडदा फाडला नाई ना?

उभीआडवी:
नाही. वाण घेतलं आणि आले. प्लॅस्टिकचा डबा होता.

अर्धाकप:
उभीआडवी, अनुभव ऐकून वाईट वाटलं, खरंच. तरी मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे. ढोंगाला एवढं झोडपू नका. सर लपून पितात म्हणजे त्यांना निदान लाज आहे. उद्या भर चौकात खुर्ची टाकून बसले तर प्रामाणिक ठरतील, पण वर्गातली पोरं काय शिकतील? आमच्या वडिलांनी आयुष्यभर आमच्यापासून सिगारेट लपवली. आम्हाला माहीत होतं, त्यांना माहीत होतं की आम्हाला माहीत आहे. आम्ही तिघे भाऊ, एकही ओढत नाही. याला ढोंग म्हणा नाहीतर संस्कार म्हणा.

तिरपागडा:
अर्धाकप, तुमच्या वडिलांनी सिगारेट लपवली. ती आणणाऱ्या पोऱ्याला पोलिसात दिलं का?

अर्धाकप:
नाही.

तिरपागडा:
मग उदाहरण बाद.

पेठकर:
हा हा. पण तिरपागडा, सरांनी पोलिसात दिलं नाही, तो सापडला.

तिरपागडा:
सापडल्यावर टाळ्या घेतल्या की.

कोर्टाची_पायरी:
भाषणं चालू द्या, मी कामाचं विचारते. (व्यवसायानं वकील आहे, चंद्रपूरची नाही.)

धागाकर्ते, सालदारावर दारूबंदी कायद्याखाली दारू बाळगणं आणि वाहतूक असा गुन्हा लागला असणार. लोकांचा समज असतो की बंदी उठली म्हणजे केस संपली. तसं नाही. त्या दिवशी जो गुन्हा होता तो गुन्हाच, केस आपोआप सुटत नाही. त्याला वकील आहे का? नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आणि दर तारखेला मजुरी बुडवून जात असेल, तर वकिलामार्फत हजेरी माफीचा अर्ज देता येतो. हे त्याला कुणी सांगितलंय का?

खाणीकडचा:
बहुतेक नाही. मी विचारलेलं नाही.

सुईदोरा:
सगळं नीट वाचलं. दोन प्रश्न आहेत.

पहिला, काकूंचं काय? आळीत सांभारवड्या वाटणाऱ्या काकूंना कुणी विचारलं का, की त्यांना हे सगळं कसं वाटत होतं? प्रभातफेरीत त्याच पुढे असणार, वड्याही त्यांनीच तळल्या.

दुसरा धागाकर्त्यांना. पेला स्टीलचा, सोडा आणत नव्हते, बाटली पेपरात, जुड्या वर आणि बाटली खाली. हे तुम्हाला एवढं बारकाईनं कसं माहीत?

मीनल_न:
ओह.

अर्धाकप:
सुईदोरा, नाव सार्थ केलंत.

तिरपागडा:
धागाकर्ते सांभार आणायला गेले वाटतं.

झाडीपट्टीवाला:
दोन दिवस झाले. नदीपार गेले असतील.

पेठकर:
तोवर कुणी सांभारवडीची कृती द्या. आमच्याकडे कोथिंबीरवडी उकडून तळतात, ती वेगळी.

उभीआडवी:
पेठकर, तुमच्याकडची वेगळीच. विदर्भात बेसन-कणकेची पारी लाटतात, तिला आतून चिंचेचं-मसाल्याचं पाणी लावतात, कोथिंबीर, खोबरं, खसखस, तीळ यांचं सारण भरून पाकिटासारखी घडी घालतात आणि तळतात. पुडाची वडी म्हणतात. माझी जाऊ नागपूरची आहे. अर्धा किलो कोथिंबीर कुठे जाते कळत नाही.

पेठकर:
म्हणजे सरांची बाटली लपवायला याहून योग्य पदार्थ नाही.

खाणीकडचा:
आलो. उत्तर लिहून तीनदा खोडलं.

सुईदोरा, तुमचा अंदाज खरा आहे. मला माहीत आहे, कारण मी तिथे बसलेला असायचो. दिवाळीत, उन्हाळ्यात, गावी गेलो की शनिवार सरांकडे. सरांनीच पहिल्यांदा बोलावलं, ‘आता तू मोठा झालास’ म्हणाले. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं. उठाबशा काढायला लावणारे सर मला पेला भरून देतायत! आतल्या खोलीत कूलर लावून बसायचो. सर नाट्यगीतं म्हणायचे, आवाज चांगला आहे. काकू चिवडा आणून ठेवायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. त्यांना कसं वाटायचं हे मी कधी विचारलं नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्याचंही आठवत नाही, हे तुमचा प्रश्न वाचल्यावर लक्षात आलं.

आणि २०१८ च्या त्या शनिवारी पिशवीत दोन बाटल्या होत्या. एक माझ्यासाठी. पैसे मी दिले होते, शुक्रवारी फोनवर सांगितलंही मीच होतं. पाऊस होता, सालदार म्हणाला होता, ‘पुलावर आज पोलीस असतीन जी.’ मी म्हणालो, काही होत नाही, सरांचं नाव सांग. त्यानं नाव सांगितलं नाही. माझंही नाही. रविवारी सकाळच्या बसनं मी पुण्याला आलो.

मीनल_न:
काय लिहावं कळत नाही.

तिरपागडा:
मी वर जे टोमणे मारले ते आता वाचवत नाहीयेत. पण मागे घेत नाही.

निवृत्त_कारकून:
एवढं लिहिलंत, बरं केलंत. फक्त एक, हे इथे टोपणनावानं लिहिणं सोपं आहे. मीही इथे टोपणनावानंच शहाणपण करतो, त्यामुळे हा टोला दोघांना.

अर्धाकप:
मी पहिल्या प्रतिसादात ‘कुणाला त्रास न देता’ लिहिलं होतं. ते तेवढं खोडा.

झाडीपट्टीवाला:
भाऊ, त्या माणसाले फोन केला का तुम्ही? गौरविका गेली खड्ड्यात.

खाणीकडचा:
केला. सात वर्षांत पहिल्यांदा. त्यानं आवाज ओळखला, म्हणाला ‘पुण्याहून बोलता का जी, आई बऱ्या आहेत ना?’ आता तो दुसऱ्याच्या शेतात रोजीनं जातो. वकील नाही, कोर्टात हाक पडली की हजर म्हणतो आणि पुढची तारीख घेऊन येतो. मी हजेरी माफीचं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं. मी पैशाचं बोलायला लागलो तर गप्प बसला.

मग म्हणाला, केसचं काय व्हायचं ते होईल, गाडी सुटते का तेवढं पाहा. मोटारसायकल त्या दिवशी जप्त झाली ती अजून ठाण्याच्या आवारात उभी आहे. मला वाटत होतं गाडी सरांची. त्याची होती. नवी घेतली होती, हप्त्यावर. गाडी आत गेल्यावरही दोन वर्षं हप्ते भरले म्हणाला. तारखेला गेला की आधी ठाण्याच्या भिंतीवरून बघून येतो. सीट उंदरांनी खाल्लीय आणि चाकातून वेल वर गेलाय, एवढं सांगितलं.

कोर्टाची_पायरी:
आरसी बुक त्याच्याच नावावर आहे ना? बँकेचा बोजा उतरवलाय का, ते आधी बघा. गाडी कोर्टात अर्ज करून सुपूर्तनाम्यावर (कोर्ट सांगेल तेव्हा हजर करीन या हमीवर) मागता येते, हा अर्ज तेव्हाच व्हायला हवा होता. या कायद्यात वाहन सरकारजमा करायची तरतूद आहे, त्यामुळे मिळेलच असं सांगत नाही, पण खटला चालू असेपर्यंत प्रयत्न करायला हरकत नाही. पुढची तारीख कधी? माझी एक वर्गमैत्रीण तिकडे वकिली करते, तिला विचारते. आरोपपत्राची प्रत, आरसी आणि शेवटच्या हप्त्याची पावती, तिन्हींचे फोटो मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

खाणीकडचा:
तारीख १७ ला. आरसी त्याच्या नावावर आहे. पावत्या आहेत म्हणाला, बायकोनं पत्र्याच्या पेटीत ठेवल्यात. मी १६ ला जातोय.

सुईदोरा:
सत्कार कधी आहे?

खाणीकडचा:
१८ ला.

पेठकर:
आणि लेख?

खाणीकडचा:
समितीचा काल दोनदा फोन येऊन गेला. अजून उचललेला नाही.